न ओतलेलं पाणी

सोफिया, ९ ऑक्टोबर १९८४

कॉम्रेड प्रशिक्षक पेन्चो यांस,

इथे सगळ्या मुली आपापल्या प्रशिक्षकांना असंच म्हणतात, म्हणून मीही सवय लावून घेतेय. आधी ‘बाबा’ लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. तुम्हाला चालेल. तुम्हाला काय, बरंच काही चालतं.

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: ‘राजासमोरचं प्यादं, दोन घरं.’ ना कशी आहेस, ना जेवतेस का. शाई वाचली. चाकं झिजू नयेत म्हणून रात्री घड्याळ बंद करून झोपणारी आपली गाब्रोवोची माणसं, तुम्ही तरी वेगळे कसे निघाल.

माझ्या खोलीत तिंका म्हणून विडिनची मुलगी आहे. गोळाफेक करते आणि माझ्या वाटणीचा पावही खाते. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“हे काय गं? तुझा बाप हेरगिरी करतो का?”

“बुद्धिबळ शिकवतो. टपालाने डाव मांडलाय माझ्याशी.”

“म्हणजे महिन्याला दोन चाली? अगं, डाव संपेपर्यंत तुला नातवंडं होतील.”

मी उत्तर देणारच नव्हते. कार्ड दोन दिवस गादीखाली ठेवलं. पण समोरच्याने चाल केली आणि आपण केली नाही, की मला जेवण जात नाही. ही खोड तुम्हीच लावलीत. खाली माझी चाल लिहिली आहे. तिचा अर्थ मी तुमच्याशी बोलतेय असा घेऊ नका.

निघाले त्या सकाळी तुम्ही आजीचं तांब्याचं भांडं भरून पुढच्या पायरीवर उभे होतात, हे मला खिडकीतून दिसत होतं. भांड्यात कुंडीतल्या सुवासिक झद्रावेत्सची डहाळीसुद्धा घातली होती. म्हणूनच मी मागच्या दाराने गेले. शेजारच्या मारीका काकूंच्या मिरचीच्या वाफ्यातून बॅग ओढत नेली, बूट चिखलाने भरले. दोना आजी असती तर कान धरून मला परत पुढच्या दाराशी आणलं असतं तिने. कामाला निघालेल्या माणसापुढे पाणी ओतलं की काम पाण्यासारखं सरळ वाहत जातं, असं ती म्हणायची. तुम्ही तिची टर उडवायचात. ती गेल्यावर मात्र भांडं तुम्हीच हातात घेतलंत. परीक्षेला, स्पर्धेला, अगदी दाढ काढायला जातानाही माझ्या पायापुढे पाणी. परगावच्या हॉटेलात भांडं नसायचं, तर तोंड धुवायच्या जागेवरचा काचेचा ग्लास.

बाल्चिकच्या हॉटेलातही असा एक ग्लास होता. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

एक सांगा. या क्रीडाशाळेत राष्ट्रीय विजेत्या मुलींना घेतात. मी दुसरी आले होते. मग मला का घेतलं? इथे कोणी नीट उत्तर देत नाही.

रादोस्तिना


सोफिया, १६ डिसेंबर १९८४

बाबा,

‘कॉम्रेड प्रशिक्षक’ आणि ‘तुम्ही’ एका पत्रापुरतंच टिकलं. रागाने लिहायला बसलं की तोंडात ‘तू’च येतं. लहानपणापासून तूच म्हणत आले, आता कशाला सोंग.

तुझी चार कार्डं आली. चार चाली, बाकी कोरं. माझ्या प्रश्नाचं उत्तर एकातही नाही.

मी इथे चांगली खेळतेय. सांगायला कोणी नाही म्हणून तुला सांगतेय. नवे प्रशिक्षक बरे आहेत, सुरुवातीच्या चालींची जाण तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे त्यांना. शेवटच्या, मोजक्या मोहऱ्यांच्या खेळाची नाही. तिथे अजून तुझाच आवाज कानात येतो, “रादे, घाई कुणाला आहे? राजाला फिरायला ने जरा.” तो आवाज बंद कसा करायचा ते मला कोणी शिकवलं नाही. स्पर्धेत माझ्या नावाची पाटी लागते, ‘रादोस्तिना पेन्चोवा’. बापाचं नाव पुसायची सोय आपल्याकडे नाही, नाहीतर विचार केला असता.

आता बाल्चिक.

राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी, समोर बिल्याना. मी जिंकले तर मी पहिली, परदेशच्या ज्युनियर स्पर्धेला मी जाणार. बरोबरी झाली तर ती. वेळ संपली तेव्हा माझं एक प्यादं जास्त होतं आणि दोघींकडे एकेक हत्ती. डाव तहकूब झाला. मी पुढची चाल कागदावर लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवून पंचांकडे दिलं. प्यादं पुढे ढकलायचं हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मी राजा बाजूला नेला. खोलीवर येऊन तुला सांगितलं, तेव्हा तू माझ्या डोक्याचा मुका घेतलास. “हे सुचणार नाही तिला. उद्या अर्धा तास नुसती बघत बसेल,” म्हणालास. मला अजून तो मुका आठवतो आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आपण ब्रेड आणि मिरची-टोमॅटोची ल्युतेनित्सा खात पटावर बसलो. मग तू म्हणालास, पाय मोकळे करून येतो. बराच वेळ आला नाहीस. मी झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी पंचांनी पाकीट फाडलं, माझा राजा बाजूला ठेवला आणि घड्याळ दाबलं. बिल्यानाने पटाकडे पाहिलंही नाही. हत्ती उचलून थेट दुसऱ्या टोकाला नेला. डाव वाचवायची ती एकच चाल होती, आणि ती शोधायला तू स्वतः आदल्या संध्याकाळी पाऊण तास घेतला होतास. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती. त्यानंतर मी कितीही डोकं आपटलं तरी बरोबरीच होती.

“तयारी करून आली होती पोरगी,” तू म्हणालास.

मी मानलं. बाप म्हणतोय म्हटल्यावर मानतो आपण. परतीच्या बसमध्ये मला तहान लागली, आणि पाण्यावरून ग्लास आठवला. सकाळी दात घासताना तो जागेवर भरून ठेवलेला होता. मी बूट घालून दारात आले, तू माझ्या मागे आलास, आणि तुझे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. गालिचा कोरडा होता. मी दाढ काढायला निघाले तरी पाणी ओतणारा माणूस तू, आणि त्या दिवशी नाही. बसमध्ये तू माझ्या शेजारी बसला होतास, झोपेचं सोंग घेऊन. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

आता विचारतेय. पाणी का ओतलं नाहीस? चालीखाली एक ओळ लिही. शाईचे पैसे मी देईन.

रादोस्तिना


सोफिया, ५ मार्च १९८५

बाबा,

ओळ नाही, एक शब्द आला. ‘विसरलो.’

सोबत मार्तेनित्साही पाठवलीस. तो लाल-पांढरा दोरा मी तिंकाला दिला. तिच्या मनगटाला तो पुरला नाही, मग तिने मांजराच्या गळ्यात बांधला. पहिला करकोचा दिसेपर्यंत दोरा काढायचा नसतो, तर यंदाचा करकोचा बहुतेक ते मांजरच बघेल.

तुझा शब्द मी पटावर ठेवून बघत होते आणि तेवढ्यात बिल्याना आली. संघाच्या सराव शिबिरासाठी तिला इथे पाठवलंय. ती परदेशात जाऊन आली, अकरावी आली, आणि आता पूर्वीसारखं कोणी तिच्याशी बोलत नाही. काल कपडे धुवायच्या खोलीत दोघीच होतो. ती खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. मी आत गेले तशी म्हणाली,

“मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी येऊन तू माझ्या झिंज्या उपटशील.”

“कशाबद्दल?”

“आव आणू नकोस गं. बाल्चिकबद्दल.”

मी साबण खाली ठेवला. ती सांगत गेली. त्या संध्याकाळी निवड समितीतले कॉम्रेड मिनेव तिच्या खोलीवर आले होते. ते तिच्या आईचे दूरचे भाऊ लागतात. त्यांनी तिला माझी बंद चाल सांगितली, त्यावरचं उत्तरही सांगितलं.

“त्यांना कुणी सांगितली?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

“तुझ्या बापाने. आणखी कुणाला ठाऊक होती?”

“का?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बोळातून चुकून आत आलेली कोणी आहे. “तुझ्यासाठी. मी बाहेर जाणार, तू इथे येणार. सौदा झाला ना. तुला खरंच कोणी सांगितलं नाही? अगं, स्वयंपाकघरातल्या बायकांनासुद्धा माहीत आहे.”

मग बियांची टरफलं मुठीत गोळा करत म्हणाली, “तू निदान डाव सरळ खेळलीस. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तिकडे गेल्यावर प्रत्येक चालीला वाटायचं, कुणीतरी येऊन कानात उत्तर सांगेल. बसून राहायचे वाट बघत. कोण येणार तिथे?”

मी म्हणाले, “मला असा फुकटचा डाव कुणी दिला, तर मी पट उलटा करेन.”

“करशील करशील,” ती म्हणाली. “बोलायला काय जातं.”

आता ऐक, बाबा. आपल्या सूतगिरणीच्या बुद्धिबळ क्लबात तू मला जेवढं शिकवू शकत होतास तेवढं शिकवून झालं होतं, हे मलाही कळत होतं. तुला सोफिया हवी होती माझ्यासाठी. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर हेच केलं असतं, असं तिंका म्हणते. तिंकाला गोळा कुणी उचलून पुढे नेऊन ठेवत नाही, म्हणून ती असं म्हणू शकते.

मी ज्या खाटेवर झोपते ती त्या डावाची आहे. राजम्याचं सूप त्या डावाचं. नवे प्रशिक्षक, गरम पाणी, शिसपेन्सिलीसुद्धा. हे सगळं सोडून परत येऊ? परत येऊन काय करू, गिरणीत बॉबिन बदलू? तेही तुला ठाऊक होतं. तू मला असं बांधलंस, की मला रागावून निघूनही जाता येत नाही. मी चांगली चाल केली की प्रशिक्षक शाबासकी देतात आणि मला वाटतं, ही शाबासकी माझी की मिनेवची?

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तू मला विचारलं नाहीस. त्या खोलीत, ल्युतेनित्साची बरणी मध्ये ठेवून, म्हणाला असतास, “रादे, असं असं आहे, काय करायचं?” तर मी कदाचित हो म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं. मग मी माझ्या हाताने हरले असते आणि तुझ्या शेजारी बसमध्ये रडले असते. तू मला पटावरचं प्यादंही नाही समजलास. प्याद्याला निदान हातात धरून हलवतात.

आणि ‘विसरलो’ म्हणू नकोस. तू विसरला नव्हतास. चाल विकताना तुझी जीभ अडली नाही, पण खोट्या डावापुढे आजीचं पाणी ओतायला हात उठला नाही. तेवढीच तुझ्यातली एक गोष्ट मला अजून आवडते, आणि त्याचाही राग येतो.

मे महिन्यात व्रात्साला पुन्हा राष्ट्रीय स्पर्धा आहे. मी जिंकणार आहे. कुणाच्या मदतीशिवाय जिंकले, की ही खाट माझी. मग तुझं माझं काही देणंघेणं राहणार नाही. जिंकले नाही, तर जूनमध्ये बॅग भरून येते, गिरणीत सांगून ठेव.

माझी चाल: घोडा परत मागे.

रादोस्तिना


व्रात्सा, १८ मे १९८५, सकाळ

बाबा,

आज शेवटची फेरी. हे पत्र आत्ता थोडं लिहितेय, संध्याकाळी निकाल लिहून टाकेन.

समोर पुन्हा बिल्याना. मी जिंकले तर पहिली. बरोबरी झाली तर रूसेची कालिना पहिली, तिचे गुण आधीच जमा आहेत. म्हणजे मला जिंकायलाच हवं.

सकाळी दार उघडलं तर बाहेर झाडणाऱ्या बाई शिव्या देत होत्या. “कुठल्या गाढवाने गालिचा भिजवलाय, वर झाडाची पानं टाकलीत.” मी खाली बघितलं. माझ्या दारापासून जिन्यापर्यंत ओलं होतं आणि मध्ये झद्रावेत्सची दोन पानं पडली होती. तू व्रात्साला आलायस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भांडं गाब्रोवोहून बसमध्ये मांडीवर घेऊन आलास की काय?

मी ओल्यावरूनच गेले. दुसरी वाट नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भिंतीच्या कडेने जाता आलं असतं. तू ओतलंस, म्हणजे तुझ्या बाजूने आज काही काळंबेरं नाही, हे मला कळलं. जिन्यावर माझे डोळे भरून आले. वर्षभरात पहिल्यांदा.

नाश्त्याला मिनेव भेटले. दह्याची वाटी पुढे सरकवून म्हणाले, “निवांत खेळ, पोरी. आज तुझा दिवस आहे.” असं ते सगळ्यांनाच म्हणत असतील.

जाते. उरलेलं नंतर.


सोफिया, १० जून १९८५

बाबा,

व्रात्साचं अर्धं पत्र मी त्या संध्याकाळी टाकलं नाही. निकाल तुला माहीतच होता, तू प्रेक्षकांच्या दोरीपाशी उभा होतास. आता दोन्ही एकत्र पाठवतेय.

तुझं कार्ड आलं. एका बाजूला माझा पत्ता, तुझ्या अक्षरात. दुसऱ्या बाजूला काही नाही. चालसुद्धा नाही. तिंका म्हणाली, “बाप चाल लिहायला विसरला वाटतं.” मी तिला म्हणाले, तो विसरणाऱ्यातला नाही.

झालं ते लिहिते. डाव समसमान होता, चांगला होता. मी खरंच छान खेळत होते, हे लक्षात ठेव, कारण ते यानंतर कुणीच म्हणणार नाही. मग बिल्यानाने हत्ती उचलला आणि माझ्या उंटाच्या तोंडात ठेवला. ती झोपेतसुद्धा अशी चूक करत नाही. मी मान वर केली. तिने ओठ न हलवता म्हटलं,

“घे ना. मला पाचची गाडी पकडायचीय.”

“बिल्याना, मागे घे.”

“हात लागला की चाल झाली, शिकवलं नाही का तुझ्या बापाने? घे लवकर. आता मी नको झालेय त्यांना, तू हवी आहेस. गेल्या वर्षी तू, या वर्षी मी. घे, नाहीतर उद्या दोघींचे हाल.”

मला पट उलटा करता आला असता. मी तसं म्हणाले होते. नुसतं ‘बरोबरी’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कालिना पहिली आली असती, आणि मी बॅग भरून घरी आले असते. मी बसून राहिले. खाटेचा विचार केला. गिरणीचा केला. मे महिन्यात जिंकणार असं तुला लिहून ठेवलं होतं, त्याचाही केला. मग हात पुढे गेला आणि मी हत्ती घेतला.

नाश्त्याला मिनेव काय म्हणत होते ते मला तेव्हाच कळलं होतं. ‘सगळ्यांनाच म्हणत असतील’ असं जे मी वर लिहिलंय, ते खोटं आहे. दह्याची वाटी पुढे सरकली तेव्हाच कळलं, आणि मी दही खाल्लं.

प्रेक्षकांसाठीच्या भिंतीवरच्या मोठ्या पटावर चाली लावणाऱ्या पोराने माझी चाल लावली. तुझ्याकडे न बघता मला दिसत होतं. तू पट बघितलास, मग मला बघितलंस. मग टोपी घातलीस आणि निघून गेलास. बिल्यानाने हात पुढे केला, तिचा हात कोरडा होता, माझा ओला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तू माझा डाव मला न विचारता दिलास, मी दुसरीचा डाव माहीत असून घेतला. दोन्ही घाणच आहे, पण एकसारखी नाही. फरक एवढाच सांगता येईल की तुझ्यापाशी मी होते निमित्ताला. माझ्यापाशी मीच होते. आणि तू ज्या सकाळी खरं पाणी ओतलंस, नेमकी तीच सकाळ मी अशी करून ठेवली, हे मला झोपू देत नाही. त्यासाठी मला तुझा राग यायला हवा होता, आणि येत नाही. तेही तुझ्यावर टाकता आलं असतं तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये मला बाहेर पाठवताहेत. ज्युनियर स्पर्धा, देशाचं नाव, निळा कोट, सगळं काही. तिथे माझ्या कानातही कोणी येऊन सांगणार नाही. हरेन किंवा जिंकेन, पण जे होईल ते तरी माझं असेल, असं मी रोज म्हणते. पटतं असं नाही.

निघायच्या आधी दोन दिवस घरी येतेय. मारीका काकूंच्या मिरच्या या वेळी तुडवणार नाही. बॅग घेऊन पुढच्या दाराने निघेन. आजीचं भांडं फळीवर असेल, झद्रावेत्स कुंडीत असेलच. मी पायरीवर थांबेन. मला बघायचंय, माझ्यापुढे पाणी ओतायला तुझा हात उठतो का.

नाही उठला तर नाही. फक्त ‘विसरलो’ म्हणू नकोस.

रादोस्तिना पेन्चोवा